ओवाळणीची गाडी फार तेल पिते

बारवी रस्ता, बदलापूर
कोजागिरीनंतरचा गुरुवार

चि. जयदेव यास तुझ्या चांगो भाऊजींचे आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल आहेत असं पहिल्या ओळीत लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पुढचं वाचून झालं की ती ओळ तुझ्या पेनानं खोडून टाक. तुझी प्रकृती कशी आहे, तुझ्या सौ.ची कंबर धरली होती ती सुटली का, पनवेलला पाणी रोज येतं की अजून एक दिवसाआड, हे सगळं कळवावं. फोनवरच विचारणार होतो, पण तुझा फोन वाजतो, वाजतो आणि मग एक बाई बोलते. तिच्याशी माझी आता चांगली ओळख झाली आहे. म्हटलं पत्र बरं. पत्राला उचलावं लागत नाही, ते आपलं दाराखालून आत येऊन पडतं.

तर पत्र गाडीबद्दल आहे. गेल्या भाऊबीजेला तू यायच्याऐवजी तुझी गाडी आली. ड्रायव्हरनं किल्ली दिली, म्हणाला साहेबांनी ताईंसाठी ओवाळणी पाठवली आहे, दवाखान्यात जायला-यायला. आणि चहासुद्धा न घेता गेला. तुझ्या बहिणीनं, म्हणजे जिजानं, सकाळपासून ताट करून ठेवलं होतं. सुपारी, अंगठी, अक्षता, सगळं. तिनं थोडा वेळ वाट पाहिली, मग ताट घेऊन अंगणात गेली आणि गाडीलाच ओवाळलं. बॉनेटवर कुंकू लावलं, दोन्ही आरशांना टिळा केला, आणि करंजी कुठं ठेवावी ते न कळून शेवटी वायपरला अडकवली. (ती नंतर कावळ्यानं नेली.) आम्ही सगळे हसलो. तीही हसली. तुला राग यावा म्हणून हे लिहीत नाही. चांगल्या मनानं दिलेल्या वस्तूचं कौतुक आधी करावं आणि तिची खोड मग सांगावी, म्हणून लिहितो. गाडी उत्तम आहे. रंग छान आहे. गादी मऊ आहे, जिजाला टेकून बसता येतं, आणि परतताना तिच्या अंगात जीव नसतो तेव्हा आडवंही होता येतं. फक्त गाडी ऑईल पिते. आमच्या जनू तात्याला जसं मरणाच्या कार्यातसुद्धा राहवत नसे, तशी पिते.

पावसाळा संपता संपता मागून निळा धूर यायला लागला. थोडाथोडका नाही. तुला आमचा रस्ता माहीत आहे, आधी शेतं आणि मग एकदम मोठाल्या बिल्डिंगी. त्यातल्या एका सोसायटीसमोरून आमची सून तेजल गाडी नेत होती (ती आता झकास चालवते, मला मात्र ती शेजारी बसवते आणि ब्रेक नसलेल्या जागी पाय दाबू नका म्हणते), तर वॉचमन हात करत धावत आला. वाटलं चाक निखळलं. तर म्हणतो, आमच्या मागच्या गटारावर पण मारा ना, डास फार झालेत. त्याला ती नगरपालिकेची धुराची गाडी वाटली. तेजलनं काच वर केली. दुसऱ्या दिवशी त्याच गेटवर सोसायटीचे सेक्रेटरी स्वतः उभे, की तुम्ही आमच्याच गेटसमोर वेग का वाढवता, आम्ही टॅक्स भरत नाही का. मागच्या सीटवर जिजा, तोंडाला पदर लावून. मी उतरून त्यांना सांगितलं की ही पेशंटची गाडी आहे. ते म्हणाले, मग तर औषध असेलच की आत.

उल्हासनगरला, कॅम्प पाचला, जिजाचं डायलिसिस जिथं चालतं त्याच्या अलीकडं प्रेमभाईचं गॅरेज आहे. माणूस सिंधी, मराठी बोलतो पण राग आला की हिंदीत जातो. त्यानं धूर पाहिला, मान हलवली, म्हणाला सील गेलेत, इंजिन खोलावं लागेल, आठवडाभर गाडी इथं राहील. आता जयदेव, मशीनवर जिजाला एक दिवसाआड बसवतात. एक खेप चुकली की तिचे पाय फुगतात, श्वास लागतो, आडवं पडता येत नाही. रिक्षा आमच्या बाजूनं सकाळी येत नाहीत, आणि आल्या तरी खड्ड्यांनी तिच्या हातात मशीनची सुई लावतात त्या शिरेचे हाल होतात. आठवडाभर गाडी सोडणं जमण्यासारखं नव्हतं. तेव्हा प्रेमभाई म्हणाला, ठीक आहे, चालवा तशीच, पण ऑईल कमी होऊ देऊ नका. कमी झालं तर रस्त्यात इंजिन बसेल आणि मग पेशंटला घेऊन रस्त्यात तुम्हीही बसाल. एवढंच तो म्हणाला. आमच्या घरानं ते फारच मनावर घेतलं.

नेमकं तेव्हाच नवरात्र बसलं. आमच्याकडं घटाजवळचा दिवा नऊ दिवस विझू देत नाहीत, आणि त्याची पाळी नसते. जो उठेल, जो पुढून जाईल, त्यानं वाकून बघावं आणि थोडं तेल घालावं. ज्याला त्याला वाटतं आपल्याच हातून दिवा राहिला. माझी थोरली बहीण बनूबाई (तू तिला भितोस, मीही भितो) हिनं ऑईलचा कॅन आणून देव्हाऱ्याखालीच ठेवला आणि त्यालाही हळदकुंकू लावलं. जिजाचं येणंजाणं त्या गाडीवर, म्हणजे दिवा आणि गाडी एकच, असं तिचं म्हणणं. कुणी हसलं नाही. मग सुरू झालं. मी पहाटे गुरांकडं जाताना थोडं ओतायचो. बनूबाई पूजा झाली की. तेजल निघायच्या आधी. आणि माझा महेश अंबरनाथच्या कंपनीतून सेकंड शिफ्ट करून आला की जेवायच्या आधी. कुणी कुणाला सांगितलं नाही, सांगितलं की पुण्य जातं. (बनूबाईनं एकदा दिव्याचंच तेल घातलं असावं. त्या दिवशी गाडी गेली तिथं तिथं पापड तळल्याचा वास होता.) धूर काही कमी होईना. उलट वाढला. वाढला तसं आम्हाला वाटलं ऑईल कमी पडतंय, आणि आम्ही आणखी ओतलं.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी मोरिवलीजवळ, कंपन्यांच्या भिंती लागतात तिथं, गाडीनं असा पांढरानिळा लोट सोडला की मागचं काही दिसेना. टपरीवरची माणसं आग आग करत आली. दार उघडून जिजाला बाहेर काढलं. एकानं वाळू टाकली, एकानं बादली ओतली, एकानं व्हिडिओ काढला. जिजाला टपरीवाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. ती भर रस्त्यात, गर्दीत, माझ्याकडं बघून म्हणाली, "गाडी जयदेवाची आहे, तिच्यावर वाळू टाकू नका." मग तिनं पाणी मागितलं. मी दिलं.

रिक्षानं पोचलो. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ही आता परत घरी यायची नाही. हे मी घरात कुणाला बोललो नाही, तुला लिहितो. रविना सिस्टरनं तिला वजनकाट्यावर उभं केलं, मग मशीनला लावलं, आणि मग बाहेर येऊन मला आणि तेजलला भिंतीशी उभं केलं. म्हणाली, अंगात इतकं पाणी चढलंय की मशीन दमेल. मोजून द्यायचं सांगितलंय ना, घरात पाणी कोण देतं? मी तेजलकडं बघितलं, तेजलनं जमिनीकडं. मग हळूहळू निघालं. तेजल ताक देत होती, आंबट आहे, अर्धीच वाटी. बनूबाई बर्फाचा खडा देत होती, कारण बर्फ म्हणजे पाणी नव्हे. महेश रात्री गुपचूप सरबत. आणि मी पहाटे अर्धा पेला, गुरांकडं जाण्याआधी. जिजा मागते रे. ज्याच्याकडं मागते त्याला म्हणते, तूच देतोस, बाकी कुणी देत नाही.

ती मशीनवर असताना महेश गाडी ओढून प्रेमभाईकडं घेऊन गेला, मीही दवाखान्यातून तिथं गेलो. प्रेमभाईनं ऑईल बघायची पट्टी बाहेर काढली, पुसली, परत घातली, परत काढली. मग तो हिंदीत गेला. "काका, ये इंजिन है के माठ? गलेतक भर दिया, तो उलटी नहीं करेगा क्या?" म्हणाला, सील खराब आहेतच, पण हा लोट सीलचा नाही, हा तुमच्या मायेचा आहे. कमी ऑईलनं इंजिन मरतं तसंच जास्तीनंही मरतं. त्यानं नळीनं काढलं तर परात भरली. अजून गाडी थोडी पितेच, पण आता पट्टी बघायचं काम एकट्या तेजलकडं आहे आणि कॅनला कुलूप आहे. पाण्याच्या माठालाही कुलूप लावायचं ठरलं होतं. ते कुणी लावलं नाही.

आमच्या घराला ओतणं तेवढं कळतं, जयदेव. थांबून बघणं कळत नाही. तूही आमच्यातलाच. स्वतः यायला जमलं नाही तर तू गाडी ओतलीस. जिजा रविवारी अंगणात खुर्ची टाकून बसते आणि गाडीकडं बघते. गाडीचं कौतुक करायला कुणी आलं की सांगते, माझ्या भावानं दिली. भाऊ कसा आहे विचारलं की गाडी किती मऊ आहे ते सांगते.

लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार. चूकभूल पोटात घाल. मी चौथीपर्यंतच शिकलो, पुढचं सगळं पुड्यांच्या कागदावर वाचलेलं आहे.

तुझा,
चांगो भाऊजी

ता. क. : नवी गाडी पाठवायचा विचार आहे असं तू महेशला मेसेज केलास म्हणे. पाठवू नकोस. जिजा तिलाही ओवाळेल, आणि मला ते परत बघवणार नाही.

ता. क. : आता खरं सांगतो. डॉक्टरांनी रक्ताच्या नात्यातलं कुणी किडनी देईल का असं विचारलं तेव्हा तू खोलीत होतास. तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस. माझी तपासली, जमली नाही. महेशची घ्यायला ती तयार नाही. तुझ्याबद्दल त्यांनी परत विचारलं तर माझ्यासमोर ती म्हणाली, "त्याला साखर आहे हो, लहानपणापासून." गुळाची ढेप कोरून खाणारा तू. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि विषय मिटला. तेव्हा आता तुला कुणी काही विचारणार नाही, मीही नाही. भाऊबीजेला ये. भाऊबीज या वेळी तिच्या मशीनच्या दिवशीच आली आहे, म्हणून सकाळी घरी ओवाळून मग सगळे मिळून दवाखान्यात जाऊ. फक्त तिथल्या कँटीनला चहा बिनसाखरेचा घे. रविना सिस्टरचं सगळीकडं लक्ष असतं.

ता. क. : आलास की ती तुला बाजूला बोलावून हळूच पाणी मागेल. देऊ नकोस. त्या दिवसाचं मी आधीच दिलेलं असेल.