फॅक्टरीच्या गाडीचं पुढचं चाक

३ फेब्रुवारी, मंगळवार

ताई आली होती! एवढ्या वर्षांनी. तीही रिकाम्या हातानं नाही, गोणपाटात गुंडाळलेलं चाक घेऊन. ना "कशी आहेस", ना काही. चाक माझ्या वर्कशॉपच्या फरशीवर आपटलं आणि म्हणाली, "गाडी परत उभी करतायत हे. पुढचं चाक तू बांध."

"बांधशील का" नाही. "बांध."

मी म्हटलं, "जिच्यामुळे तुझ्या नवऱ्याचा पाय मोडला म्हणता, तिच्याकडेच चाक देतेस?"

"दुसऱ्या कुणाला जमत नाही," म्हणाली आणि निघाली. मी चहा विचारला नाही. विचारला असता तरी घेतला नसता.

गोणपाट उघडलं नाही. पायानंच ढकलून दुरुस्तीला आलेल्या व्हीलचेअरच्या चाकांमागे सारलं.

४ फेब्रुवारी, बुधवार

नवऱ्याचं एकच पालुपद— "सोड ना आता." त्याला काय जातंय! बस चालवतो, पण बसचं चाक फिट करणारा वेगळा असतो. ते निखळलं तर याला कुणी विचारणार नाही.

मला विचारलं होतं. विचारलंसुद्धा नाही खरं तर, सरळ सांगितलं. मोटरसायकल कंपनीच्या रेस विभागात चाकं मी बांधायचे. तारा भरायच्या, ताणायच्या, चाकाची आऊट, म्हणजे लचक, काढायची. अख्ख्या विभागात बाई मी एकटी, आणि भावोजी त्यांचे हिरो. शेवटच्या रेसमध्ये मोठ्या उडीवरून खाली आले आणि पुढचं चाक बसकलं. पायाचा चुरा झाला, रेस संपल्या. चौकशीचा निकाल आला— तारा ढिल्या, चाक बांधणारीचा हलगर्जीपणा. नोकरी गेली. ताईनं दार लावून घेतलं. लग्नकार्यात समोर आली की पदर सावरायचं निमित्त काढून मान वळवायची.

तारा ढिल्या नव्हत्या. मी बांधलेल्या तारा ढिल्या नसतात. हे एवढंच एक वाक्य मला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचंय. मग मरायलाही हरकत नाही.

नाही, मरायचं वगैरे काही नाही. पण ऐकायचंय.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

भावोजींचा फोन. जणू काल-परवाच बोललो होतो!

"काय गं, हबचा तुकडा पोचला ना? त्यावरून नवीन हब बनवून घे लेथवाल्याकडून. तसलं हब आता बाजारात मिळत नाही."

म्हटलं, "तुकडा नाही, अख्खं चाक आलंय."

"चाक? ते तर मी केव्हाच भंगारात घाल म्हणून सांगितलं होतं."

बरं, आठवतंय म्हणायचं! त्या वेळी डोकंही आपटलं होतं, त्यामुळे यांच्या आठवणींवर माझा फारसा विश्वास नाही. पुढे म्हणाले, बाविसाव्या तारखेला कंपनीच्या जुन्या लोकांचा मेळावा आहे, गाडी स्टेजवर ठेवणार, ते स्वतः बोलणार. "त्या शेवटच्या रेसची गोष्ट सगळ्यांना ऐकायचीय."

म्हणजे माझीच गोष्ट. माझ्याच हातच्या नव्या चाकाशेजारी उभं राहून सांगणार. निर्लज्जपणाची हद्द आहे!

"करते," म्हटलं. का म्हटलं ते मला पक्कं ठाऊक आहे. जुनं चाक माझ्या हातात आलंय. त्याच्या तोंडूनच काय ते वदवून घेते.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज उघडलं. बाकी नंतर लिहीन.

९ फेब्रुवारी, सोमवार

परवा नीट लिहिता आलं नाही. लिहायलाच हवं, नाहीतर हे पोटात सडेल.

चाक वाकून पापडासारखं झालंय. त्या मैदानातला चिखल अजून तसाच, वाळून दगड झालेला. मधल्या हबची कड, तारा अडकतात ती, फुटलेली. पण माझी नजर सगळ्यात आधी खुणांवर गेली.

खुणांची पद्धत माझीच होती. तारेच्या टोकाला निपल असते, छोटं पितळी नटच म्हणा, ते पिळलं की तार ताणली जाते. ताण बरोबर लागला की मी निपलवर एक ठिपका द्यायचे आणि त्याच्यासमोर रिमवर एक. दोन ठिपके समोरासमोर असले म्हणजे कुणी हात लावलेला नाही, तारही ढिली झालेली नाही. विभागातला रंग वाळायला वेळ लागायचा, म्हणून ताईचं नेलपॉलिश वापरायचे. विटकरी रंगाचं. तिची पर्स आणि ती बाटली कधी वेगळी व्हायची नाही. मागायला गेलं की ओरडायची— "माझ्या नखांना राहू दे थोडं! तुझ्या चाकांचीच लग्नं लागतायत!" तरी द्यायची. रेसच्या दिवशी तर हमखास यायची, डबा आणि नेलपॉलिश घेऊन. तेव्हाची ताई वेगळी होती.

तर खुणा. सगळे ठिपके समोरासमोर. सगळेच! म्हणजे चाक मी सोडलं तसंच रेसला गेलं. कुणी हात लावला नाही. मग चुकलं असेल तर ते माझंच.

इतकी वर्षं मी सगळ्यांना शिव्या घातल्या. आता कुणाला घालू?

१० फेब्रुवारी, मंगळवार

काही केलं नाही. एका गिऱ्हाइकाची व्हीलचेअर तशीच पडून आहे. तो म्हणाला, "उद्या नक्की ना?" त्याच्यावरच खेकसले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

गाडीचं माप घ्यायला भावोजींकडे जावंच लागलं. पुढच्या खोलीतलं फर्निचर भिंतीला सारून मधोमध गाडी मांडलीय, खाली जुनी चादर. ताईचा सोफा गॅलरीत उन्हात!

गाडी बघितली. तीच ती. बोल्टची डोकीसुद्धा वजन वाचवायला पोखरलेली. सायलेन्सर हातानं ठोकून घडवलेला, वेल्डिंगचे टाके अजून दिसतात. असल्या गाड्या दुकानात मिळत नाहीत, विभागात मोजक्याच झाल्या होत्या. पण टाकीला रंग काय फासलाय! आरशासारखा. म्हटलं, "फॅक्टरीच्या गाडीला असली चकाकी कधी होती? नवरीसारखी नटवलीय."

"लोकांना आवडतं," भावोजी म्हणाले. काठी टेकत गाडीभोवती फिरत होते. मग खाली बघत बोलले, "चाक नीट बांध हं या वेळी."

या वेळी!

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्याकडे बघितलं. वाटलं, एवढं तरी म्हणेल की असं बोलू नका. तर म्हणाली, "जुनं चाक धुतलंस का?"

"कशाला धुवू? पूजा करायचीय त्याची?"

"धू," म्हणाली. "मातीत काही दिसत नाही."

मला माझं काम शिकवते! सुरी कशी धरायची हे मी तिला शिकवते का? टेप गुंडाळला आणि निघून आले. माप अर्धवटच राहिलं. गेले खड्ड्यात!

१४ फेब्रुवारी, शनिवार

राहिलेली मापं नवरा जाऊन घेऊन आला. चुकीची. पुन्हा पाठवला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

लेथवाल्यानं हब छान काढलं, पण बोलला तेही डोक्यात बसलंय. जुन्या हबचा फुटका तुकडा उजेडात धरून म्हणाला, "बाई, हे ढिल्या तारांनी फुटलेलं नाही. कडेला चिरा बाहेरच्या बाजूला ओढल्यासारख्या आहेत. कुणीतरी तारा फार आवळल्यात. चाकाला लवायला जागाच ठेवली नाही."

"मी आवळत नाही," म्हटलं.

"मी कुठं तुमचं नाव घेतलं?" तो म्हणाला.

घरी आले ती तडक रॉकेलचा डबा आणि ब्रश घेऊन बसले. हो, धुवायला! ताईनं सांगितलं म्हणून नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सापडलं!!

समोरचा ठिपका रिमवरच्या ठिपक्याला जुळलेला. पण निपलच्या पाठच्या अंगाला, चिखलाच्या थराखाली, आणखी एक ठिपका! एका निपलवर दोन. दुसरी घासली, तिलाही दोन. एका बाजूच्या सगळ्या निपलना दोन-दोन ठिपके. मी कधी दोन देत नाही. पाठचा माझा आहे, बारीक, नेमका. पुढचा दुसऱ्या हातचा, जाड, ओघळलेला.

म्हणजे कुणीतरी निपल पिळल्या, माझी खूण फिरून मागे गेली, आणि मला कळू नये म्हणून पुढे नवी खूण केली!

मी ओरडलेच. नवरा चपला न घालताच धावत आला, त्याला वाटलं बोट कापलं. त्याला दाखवलं. तो चाकाकडे बघत म्हणाला, "म्हणजे तुझी चूक नव्हती." म्हटलं, "तुला आत्ता कळलं?" त्यालाही इतकी वर्षं शंका होती, हे मला आज समजलं. त्याचा हिशोब नंतर.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

भावोजीच. दुसरं कोण? रेसच्या त्या सकाळी सराव करून आले तेव्हाच कुरकुरत होते— "पुढचं ढिलं वाटतंय." मी चाक तपासलं आणि म्हटलं, "चाक ढिलं नाही, तुमचं डोकं ढिलं आहे. हात लावायचा नाही!" सगळे हसले. ते हसले नाहीत. मी नंतर सह्या करायला ऑफिसच्या तंबूत गेले. तेवढा वेळ पुरेसा होता.

आणि नेलपॉलिश? ते ताईच्या पर्समध्ये. म्हणजे ताईनं दिलं. म्हणजे दोघांनी मिळून! आणि नंतर दोघांनी मिळून मला आगीत ढकललं, दार लावून घेतलं, लग्नात माना वळवल्या. माझी सख्खी बहीण!

मेळाव्याला जुनं चाक घेऊन जाणार. स्टेजवर भावोजींची गोष्ट संपली की ते त्यांच्या पायाशी ठेवणार आणि म्हणणार, आता ही गोष्ट ऐका.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

नवीन चाक पुरं झालं. आऊट काढली, केसभरसुद्धा लचकत नाही. राग असला तरी हात खोटं काम करत नाहीत. खुणा मात्र केल्या नाहीत. नेलपॉलिश विकत आणायला दुकानात गेले आणि हात हलवत परत आले.

२१ फेब्रुवारी, शनिवार

नवीन चाक बसवून आले. भावोजी हँडल धरून गाडी मागेपुढे करत होते, लहान पोरासारखे. "झक्कास बांधलंस," म्हणाले. माझं उत्तर उद्या देते.

ताई घरात नव्हती. बाजारात गेली होती म्हणे.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळीच ताई दारात. मी जुनं चाक गोणपाटात बांधत होते. वाटलं, आता हिसकावून घेणार.

तिनं पर्समधून नवी बाटली काढून बाकावर ठेवली. विटकरी नेलपॉलिश. म्हणाली, "नव्या चाकाला खुणा केल्या नाहीस. काल घरी येऊन बघितलं."

मी काही बोलायच्या आत सगळं बोलून टाकलं तिनं. "मीच आवळल्या गं. ते घाबरले होते, पुढचं ढिलं आहे हेच घोकत होते. तू हात लावू देणार नव्हतीस. मला वाटलं, घट्ट म्हणजे मजबूत. तू ओरडशील म्हणून ठिपके दिले. ह्यांना अजून माहीत नाही. चाक भंगारात घाल म्हणाले, मी घातलं नाही, माळ्यावर लपवलं. तोंडानं सांगायला जमेना. म्हणून तुझ्याकडे टाकून आले. म्हटलं, तू धुशील, तुला दिसेल."

मग डोळे पुसत गोणपाटाची गाठ तिनंच घट्ट केली. "चल, उशीर होतोय. स्टेजवर मीच सांगणार आहे. तू फक्त चाक धर."

"रडू नको, चाक गंजेल," म्हटलं. आणि मीच रडत बसले.