कुंकवाचे बोट

नल्लकुंटा, हैदराबाद
२० ऑगस्ट २००६

चि. शशिकांत यास विमलताईचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघे ठीक.

मोबाइलवर हे बोलवत नाही. रेंजसाठी गच्चीत जावे लागते आणि शेजारच्या गच्चीतले कान लांब आहेत.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात झहीराबादला आंब्यांसाठी गेले, तेव्हा गोठ्यात मनगटाला गोचीड चिकटली होती. तेव्हापासूनची खाज हटत नाही. हातांवर फोड येतात, खपली निघाली की आत बारीक धागे दिसतात. आबिड्सच्या डॉक्टरांनी भिंगातून पाहिले आणि म्हणाले, धागे तुमच्या वातींच्या कापसाचे, बाकी सगळे मनाचे. कापूस निळा कधीपासून येतो, असे मी विचारले, तर हसून झोपेची गोळी लिहून दिली. ह्यांना वाटते, गोचिडीचेच काहीतरी अंगात मुरले आहे. तुझी लेक रसिका डॉक्टरकी शिकते, तिला विचार. मी वेडी झाले आहे का, एवढे मला कळू दे.

ताईवर लोभ आहेच, तो वाढव.

पुणे
२ सप्टेंबर २००६

ती. सौ. विमलताईस शि. सा. नमस्कार. वि. वि.

रसिकाने इंटरनेटवर शोधले, सरांनाही विचारले. परदेशात काही डॉक्टर गोचिडीच्या संसर्गाकडे बोट दाखवतात, बहुतेकांना ते पटत नाही. सिद्ध काही नाही. मला विचारशील तर एकदा मनाच्या डॉक्टरांना भेट. लहानपणी भिंतीवरच्या ओलीत तुला माणसे दिसायची, आठवते ना?

ती. एकनाथरावांना नमस्कार. राग नसावा, लोभ असावा.

नल्लकुंटा
१४ सप्टेंबर २००६

चि. शशिकांतास आशीर्वाद.

तू म्हणतोस म्हणून त्या डॉक्टरांकडेही जाईन. पण एक सांग. गेल्या भाऊबिजेला मी कुंकवात बोट बुडवले, तेव्हा हातावरचे फोड पाहून तू कपाळ मागे घेतलेस. गाडीची वेळ झाली म्हणत करंडा ओढून टिळा स्वतःच लावलास. अनारशाला हातही लावला नाहीस. सगळे माझ्या मनातच आहे, तर तू कशाला घाबरलास? मला फार लागले ते.

यंदा तसेच करायचे असेल तर येऊ नकोस. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, मीही ओवाळीन. तो कपाळ मागे घेत नाही.

तरीही तुझीच,
ताई

पुणे
३० सप्टेंबर २००६

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

पत्र रसिकाने वाचले आणि मला चांगलेच फैलावर घेतले. मनाचा आजार कुणाला लागत नाही, आणि गोचिडीचा असला तरी कुंकवाच्या बोटातून येत नाही, म्हणाली. मी घाबरलो होतो, ताई. म्हणजे तुझा आजार मलाही खराच वाटत होता, फक्त तुझ्यासमोर कबूल करायची लाज वाटली.

तो कशाचा, हे डॉक्टर ठरवतील तेव्हा ठरवतील. तुला त्रास होतो, एवढे मी मानतो. तिकीट काढले आहे. चंद्राला त्या दिवशी सुट्टी दे. अनारसे तळून ठेव आणि करंडा माझा हात पोचणार नाही असा ठेव.

तुझ्या बोटाची वाट पाहणारा,
शशी