सहा रिकामे खड्डे

लुलेबुर्गाझ, मार्च

बाबा, तुमचे हात कपाळाला लावतो. पण लावणारा नाही म्हणून खड्डे रिकामे ठेवायचे? चँडलर अक्रोडाची साठ रोपं लागली आणि फ्रँकेटची सहा गोणपाटात सुकतायत! लिहिलं होतं ना, चँडलरचं मादीफूल उमलायच्या आत त्याचे स्वतःचे नरफुलांचे तुरे झडतात. फ्रँकेटचे तुरे उशिरा येतात, तेच कामी येतात. नाहीतर साठ झाडं नुसती पानं देतील!

म्हणे, साठ लावून हमजाआजोबा गेले, आता उरलेली लावणार कोण? आणि म्हणे, अक्रोडाचं खोड ते लावणाऱ्याच्या मानेएवढं जाड झालं की लावणारा मरतो! आजोबा ब्याण्णवचे होते, बाबा! इथल्या बागेचा मुकादम हसतो, "तुमच्या कामान गावात बारीक मानेवाल्यांची पंचाईतच, लेका!" मी इथे चारशे रोपं लावलीत. हे आईला वाचून दाखवू नका. जेवण बरं असतं, मान चांगली जाड झालीय म्हणावं. तिचा गुडघा कसा आहे?

धाकट्या इल्करला मात्र त्या खड्ड्यांकडे फिरकू देऊ नका. पोर आहे, हौसेनं लावून मोकळा होईल.

वरच्या गावच्या दुरसुनकाकांना बोलवा. ऐंशी उलटलीय, रोपामागे शंभर लिरा घेतात. कळ्या फुगायच्या आत लावून घ्या.

तुमचा बेकिर

सहाशे लिरा पाठवतोय.