हनीफच्या इकाम्यावर इस्माईल

३१ जाने., शुक्र.

दोन नंबरच्या बोअरचं पाणी पुन्हा खारट. जिभेला लावलं आणि थुंकलं. काकडीच्या पानांच्या कडा करपल्यात. सालेहला फोटो पाठवले, त्याने नुसता अंगठा पाठवला. त्याचा बाप असता तर गाडी काढून स्वतः आला असता. बाप गेला, आता कफील, म्हणजे आमचा मालक, हा, आणि याला शेतापेक्षा रियाधची दुकानं जवळची. बावीस वर्षं या मजऱ्यावर काढली, पाण्याची एवढी वाईट चव कधी नव्हती.

जुम्म्यानंतर नेहमीचे फोन. कुणाचा पासपोर्ट अडकलाय, कुणाच्या भावाची मय्यत जेद्दाहला पडून आहे. कोकणातली पोरं मला मागून ‘मय्यत दाऊद’ म्हणतात, मला माहीत आहे. पण कागद अडला की फोन मलाच.

इस्माईल आजही जेवला नाही. पोट दुखतंय म्हणतो, आज तिसरा दिवस. पुन्हा ओव्याचं पाणी दिलं. नोव्हेंबरपासून जुन्या पंपाच्या खोलीत लपवून ठेवलाय त्याला. आधीच्या कफीलने हुरूब लावला, म्हणजे पळून गेला अशी नोंद, इकामा, म्हणजे राहायच्या परवान्याचं कार्ड, बाद. पळतोय कुठला, त्या कफीलनेच सहा महिने काम दिलं नाही. शेजारच्या वाडीतला, गुहागरकडचा. त्याच्या आईला, अमीना खालाला, मीच म्हणालो होतो, पाठव, मी आहे.

१ फेब्रु., शनि.

सकाळी पोट लाकडासारखं. ताप. दवाखान्यात न्यायलाच हवं, पण इकामा मागतील आणि तिथूनच उचलतील. 

हनीफ हा त्याचा चुलतभाऊ, आमच्याच मजऱ्याची भाजीची गाडी चालवतो, कागद एकदम चोख. वय तेच, दाढी तशीच, नाकही एकाच घरचं. मी म्हटलं, हनीफ, तुझा इकामा दे. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काढून दिला. आमच्यात यात नवं काही नाही. दाढ काढायला, चष्मा करायला एकाच्या कार्डावर चौघे जाऊन आलेत.

काउंटरवर कार्ड बघितलं, तोंड नाही. अपेंडिक्स फुटलंय म्हणाले. तासाभरात ऑपरेशनला घेतला.

कल्पना माझी. लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मीच दुसऱ्यावर ढकलेन.

३ फेब्रु., सोम.

भेटून आलो. नर्स मल्याळी, चांगली बाई. ती “हनीफ, हनीफ” हाक मारते आणि हा छताकडे बघत पडलेला. तिने फाइलमध्ये लिहिलं, पेशंट नावाला ओ देत नाही. मी त्याला हळूच चिमटा काढला. हसला. हसताना पोट दुखतं म्हणाला.

खजुराचे तुरे फुटलेत. नराचे झुपके मादीच्या तुऱ्यात बांधायचं काम सुरू केलं. चार दिवस चुकले की झाड वाया जातं. कार्ड इस्पितळात, त्यामुळे हनीफला गाडी नेता येत नाही. त्याला शिडी धरायला लावलाय. ड्रायव्हर माणूस, दिवसभर कुरकुर.

६ फेब्रु., गुरु.

इस्माईल गेला. सव्वानऊ वाजता. पोटातलं विष रक्तात उतरलं होतं.

मी झाडावर होतो. फोन आला तो मलाच, नातेवाईक म्हणून माझा नंबर दिलेला. पलीकडून हिंदीत म्हणाले, “आपका हनीफ एक्स्पायर हो गया.” खाली हनीफ शिडी धरून वर बघत होता. काय म्हणतात, दाऊदभाई, विचारत होता. मला उतरता येईना. त्याने शिडी घट्ट धरली तेव्हा उतरलो.

दुपारी काही केलं नाही. झाडं तशीच.

७ फेब्रु., शुक्र.

अमीना खालाला फोन केला. एवढ्या वर्षांत किती घरी असे फोन केले. प्रत्येक वेळी सांगतो, इथली माती मिळणं भाग्याचं, इथेच दफन होऊ द्या. बहुतेक जण ऐकतात. आज तिने विचारायच्या आधीच म्हटलं, “त्याचा तोंड मला बघायचाय, दाऊद. हिकडं आण.” माझ्याने ते भाग्याचं बोलवेना. हो म्हटलं. गावच्या जमातीला मेसेज टाकला, मय्यत पाठवतोय.

कुठल्या नावाने पाठवणार, ते तेव्हा डोक्यातच नव्हतं. खरंच नव्हतं.

९ फेब्रु., रवि.

मृत्यूची नोंद हनीफच्या इकामा नंबरावर लागली. सकाळी त्याचं सिम बंद. पेट्रोल पंपावरच्या दुकानात त्याचं बँकेचं कार्ड चालेना. 

दुपारी सालेह आला, दोन महिन्यांनी. तुमचा कामगार मयत, असा सरकारी मेसेज त्याच्या फोनवर आलेला. तोंड लांब करून माझा हात धरला, अल्लाह रहमत करो म्हणाला, हनीफ भला माणूस होता म्हणाला. तेवढ्यात हनीफ गाहवा, इथली कॉफी, घेऊन आला. सालेहने कप घेतला, वर बघितलं आणि कप सांडला. मग हसला. मीही हसलो, मला आता लाज वाटते. सगळं सांगितलं तेव्हा त्याचं हसू गेलं. हुरूबवाला त्याच्या मजऱ्यावर सापडला हे बाहेर आलं तर तोही अडकतो.

त्याचं म्हणणं सरळ. मय्यत हनीफच्या नावाने इथेच दफन करा, अल्लाहला खरं नाव माहीत आहे. हनीफने काही महिने गप पडून राहावं, पुढचं पुढे बघू. “खलास, दाऊद.” जाताना काकडीकडे बघितलंसुद्धा नाही.

१० फेब्रु., सोम.

मोह होतोय. कशाला नाकारू. सालेहचं ऐकलं तर मी सुटतो, सालेह सुटतो, इस्माईलला माती मिळते. बाकी कुणाला काही कळत नाही. पण खालाला काय सांगू. आणि हनीफ?

हनीफच्या बायकोला कुणीतरी फोन करून मातम केला. ती रडून बेशुद्ध. त्याने माझ्या फोनवरून व्हिडिओ कॉल करून तोंड दाखवलं. तरी तिला पटेना, हात हलवून दाखव म्हणाली.

१२ फेब्रु., बुध.

वैशाली मॅडमकडे गेलो. लातूरच्या, दुसऱ्या इस्पितळात डॉक्टर. मय्यतीचे रिपोर्ट समजून घ्यायला मी नेहमी त्यांच्याकडेच जातो. पहिल्यांदा कुणाला तरी सुरुवातीपासून सांगितलं. त्या चष्मा काढून बसल्या.

“दाऊदभाई, इमर्जन्सीत कार्ड नसलं तरी घेतात हो. आधी जीव, मग कागद. तुम्हाला माहीत नव्हतं?”

नाही. मला माहीत नव्हतं. मला! मेलेल्यांचा एकूण एक कागद मला तोंडपाठ, कुठला शिक्का आधी, कुठला नंतर. जिवंत माणसाचं कधी विचारलंच नाही. तीन दिवस ओवा पाजत बसलो. पहिल्याच दिवशी नेला असता तर, विचारलं. त्यांनी चहा मागवला. तो प्यायलो.

१५ फेब्रु., शनि.

हनीफ सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून आला. म्हणाला, चला पोलिसांत. मी सालेहचं म्हणणं पुन्हा काढलं. दुसऱ्याला कार्ड देणं म्हणजे तुरुंग, मग हद्दपार, हेही सांगितलं.

“मला माहीत हाय. पण इस्माईलवर माझं नाव घालून मी भाकरी खाऊ? आणि माझी बायको विधवेसारखी माझी इद्दत पाळील, मी जिवंत असून?”

एवढंच म्हणाला. एरवी सगळा दिवस बडबड करणारा माणूस. मी शरमेने उद्या म्हटलं.

१६ फेब्रु., रवि.

गेलो दोघे. सालेहला फोन लावला, उचलला नाही. नंतर बंदच.

अधिकारी तरुण, अदबीने बोलला, पाणी दिलं. हनीफचा ठसा घेतला. मशीनवर हनीफचा फोटो आला आणि खाली मयत. त्याने पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा स्वतःचा अंगठा लावून मशीन चालतंय ना बघितलं. मग दुसऱ्याला बोलावलं, त्याने तिसऱ्याला. सगळे हनीफला बघून गेले.

मी म्हटलं, कल्पना माझी, लिहा. लिहिलं. सही केली. हनीफला आत घेतलं. मला सोडलं, पण पासपोर्ट ठेवून घेतला, देशाबाहेर जायला बंदी. हनीफ आत जाताना म्हणाला, गाडीचं ऑइल बदला. परत येताना मी गाडी बाजूला उभी करून रडलो. तसंही पन्नास पावलं पुढे दिसत नव्हतं, धूळ उठली होती.

२४ फेब्रु., सोम.

आठ दिवस दारं वाजवतोय. दूतावासातला माणूस ओळखीचा, सरळ बोलतो. इस्माईलच्या नावाचा मृत्यूचा दाखला आणा, दुसऱ्या दिवशी कागद करतो. दाखला इस्पितळ बदलणार पोलिसांच्या पत्रावर. पोलीस पत्र देणार शवागारातल्या बोटांचे ठसे जुळल्यावर. ठसे घेतले, पुसट आले. शिडीवर, मातीत काम केलेली बोटं. आणि जुळवायला त्याचा जुना ठसा हुरूबच्या नोंदीत, तो वेगळ्या खात्याकडे. कुणी वाईट वागत नाही, हेच जास्त अवघड आहे. भांडायला माणूस मिळत नाही.

खाला रोज विचारते. रोज सांगतो, कागद चाललेत.

२७ फेब्रु., गुरु.

सालेहचा माणूस आला. काकडीची ग्रीनहाउस दोन्ही बंद, प्लास्टिक उतरवा. पाणीच नाही तर काय, ते खरंच आहे. पण माझ्याशी न बोलता. रोपं उपटली. काकडी कोवळी होती, शेळ्यांना टाकली.

खजुराची अर्धी झाडं राहिली. एकट्याने शिडी लावून किती करणार. त्यांना आता बिनबियांची, चिमणी फळं धरतील, कुणी घेणार नाही.

२ मार्च, रवि.

दुसरा रोजा. कचेऱ्या दहाला उघडतात, दुपारी बंद. शवागारातला सुदानी म्हणाला, रमझाननंतर या शेख. मी म्हटलं, मला बघू तरी दे. दिलं. ड्रॉवरवर हनीफचं नाव. तोंड ओळखू येतं अजून. मी त्याला इस्माईल म्हणून हाक मारली, उगाच.

हनीफला भेटायला गेलो. बारीक झालाय. मशीनमधून मयत निघाल्याशिवाय हद्दपारसुद्धा करता येत नाही म्हणतात. मेलेल्याला विमानात कसं बसवणार.

५ मार्च, बुध.

एकाचा फोन आला, आधी ओळख नाही. भावाच्या छातीत दुखतंय, इकामा संपलेला, माझं कार्ड दाखवू का, तुम्ही जाणकार म्हणून विचारतो. मी रस्त्यावर उभा राहून ओरडलो त्याच्यावर. तसाच ने, आत्ता ने, कार्ड खिशातून काढू नकोस. त्याने घाबरून फोन ठेवला. नेलं का, माहीत नाही. पुन्हा लावला, उचलत नाही.

हे आधी ओरडायला हवं होतं. आता काय उपयोग.

११ मार्च, मंगळ.

अस्रच्या नमाजानंतर खालाचा फोन. रोजच्यासारखं कागद चाललेत म्हणायला तोंड उघडलं आणि नाही जमलं. सगळं सांगितलं. ओवा, कार्ड, मॅडम काय म्हणाल्या ते, ड्रॉवरवरचं नाव. कल्पना माझी, हेही.

खाला म्हणाली, “तू हायस तिथं म्हणून मी त्याला धाडलेला.” शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग तिने दुसरंच काढलं. माझा मेसेज गेला त्याच दिवशी जमातीने कबर खणायला घेतली होती. जांभा फोडायला चौघांना दोन दिवस लागले. महिन्यावर झाला, उघडी आहे, वर झावळ्या टाकल्यात. मला कुणीच बोललं नव्हतं. जमातवाले म्हणतात, रिकामी कबर अशी ठेवू नये, बुजवून टाकू, आला की पुन्हा खणू. ती रोज सकाळी तिथे जाऊन बसते आणि कुणाला फावडं लावू देत नाही.

“मी कोणाचा ऐकनार नाय, तुझा ऐकीन. बुजवू का ठेवू, तेवढा सांग.”

मी हातातला कागद बघत होतो. आजच मिळालेला, पुढची तारीख ईदनंतरची, तीही ठसे पुन्हा घेण्याची.

ठेव, म्हणालो. तिने बरं म्हटलं आणि फोन ठेवला.