पिवळ्या फुलाची दोन वर्षं

१६ जुलै २०२३
‘पाच दिवसांनी नळ येणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांनो!’ — सोसायटीच्या बैठकीत अशी सुरुवात केली. पुढची दहा मिनिटं कुणी खोकलंसुद्धा नाही! आपण हंडे भरून ठेवणारी माणसं, आणि मोकळ्या अंगणात हिरवळ लावून ती टँकरनं भिजवायची? त्यापेक्षा माळावरचं पिवळं रानफूल लावू!
चेअरमन सोमशेखरअण्णांना तिथे गाड्यांसाठी फरशी हवी आहे. म्हणाले, “बोलून फूल उगवत न्हाय, बाई. दोन वर्षं देतो. न्हाय फुललं तर फरशी.”

१८ जुलै
जिना झाडणाऱ्या सिद्धम्मानं वळसंगहून बी आणलं. मोहरीहून बारीक. “पयल्या साली नुसती पानं. फूल दुसऱ्या साली, मग झाड मरतंय. दम धरा.”
मी आणि दम!

३ नोव्हेंबर
चाळीस रोपं! मातीला चिकटलेली, लोकरी पानांची. खालची इफ्रा विचारते, “आजी, हा कोबी कधी होणार?”

९ मे २०२४
ऊन त्रेचाळीस. पानं मलूल दिसली आणि राहवेना. जिन्यात उभी राहून गरजले — ‘घरटी एक तांब्या!’ दोघी-तिघींनी डोळे पुसले. मीही.

११ मे
नळ आला. नवं पाणी आलं की साठवलेलं शिळं ठरतं, ओतून टाकतात. आज अकराही घरांनी ते माझ्या रोपांवर ओतलं. हंडेच्या हंडे! किती गोड माणसं!

१७ मे
सगळी कुजली.
सिद्धम्मानं एक उपटून दाखवलं — मूळ काळं, बुळबुळीत. “माळावर ह्याला कोन पानी घालतंय? लई बोललासा, बाई.”
सभेसाठी चाळलेल्या रानफुलांच्या पुस्तकातही होतं — ‘पाणी नको’. सभेत सांगण्याजोगं वाटलं नाही म्हणून पान उलटलं होतं.

१२ जानेवारी २०२५
अण्णा फरशीचे नमुने घेऊन दारोदार. मी गप्प. लोक विचारतात, तब्येत बरी ना?

४ फेब्रुवारी
अण्णांची गाडी आठवडाभर बाहेर रस्त्यावर. आज त्यांनीच बोलावून नेलं. गाडीच्या जागेत, भिंतीकडेच्या भेगेत, कमरेएवढा दांडा — पिवळाधमक! पेरतानाच एखादं बी वाऱ्यानं उडून गेलं असणार.
“मे महिन्यातच दिसलं हुतं,” ते म्हणाले. “उपटवंना. आन् तुमाला सांगितलं असतं, तर तुमी भाषण केलं असतं की!”
उद्या जिन्यात एवढंच लिहून लावते — शेजाऱ्यांनो, याला पाणी घालू नका.