चाळीस घरांची गोधडी

आत-बाशी,
९ जानेवारी १९९५

चि. सौ. सोनुन हिस,
बुरुलचाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. सातवा लागला हे वाचून मी सासऱ्यांसमोरच हसले आणि मग चुलीशी जाऊन रडले. आम्ही सगळे बरे आहोत. तू पाण्याच्या बादल्या उचलत नाहीस ना? कुबातरावांना सांग, बायकोला बादली उचलू दिली तर बर्फानं बंद झालेला घाट उघडल्याबरोबर मेहुणी तलासला येऊन त्यांचा कान धरणार आहे.

बाळाची गोधडी सुरू केली. वीज दिवसाकाठी दोन तास येते, तीही आपल्या मर्जीनं. त्यामुळे माझं विजेचं मशीन नव्या नवरीसारखं रुमाल पांघरून कोपऱ्यात बसलंय. शेवटी अडीअडचणीला म्हणून ठेवलेलं आईचं हातमशीन फळीवरून उतरवलं. खोळीत उंदरांनी संसार थाटला होता. तेल घातलं, चाक फिरवलं, थोडं कुरकुरलं आणि मग धावायला लागलं. एकच खोड आहे. टाका लहानमोठा करायचा खटका गंजलाय आणि अगदी बारीकावर अडकलाय. वीतभर शिवणीत दोनशे टाके! दोरा खातं मेलं, पण ही शिवण उसवायची कुणाची छाती होणार नाही.

एकतीस घरांचे तुकडे जमले. रिवाज तुला ठाऊक आहे, पण तू पडलीस शाळेतली बाई, म्हणून पुन्हा लिहिते. ज्या घरातली मुलं जगलीवाचली आहेत त्याच घरी मागायचं, विकत घ्यायचं नाही, आणि चाळीस म्हणजे चाळीस. शेजारच्या अनारकाननं तर नुरिपाच्या अंगातल्या फ्रॉकची बाहीच कापून दिली. लाल फ्लॅनेल, वर पांढरे ठिपके. ती चार वर्षांची भवानी आधी भोकाड पसरून रडली आणि मग दुसरीही बाही काप म्हणून हटून बसली. दोन्ही हात सारखे दिसायला हवेत म्हणे.

दोनदा तुझा पाळणा रिकामा राहिला, पण मागचं काढायचं नाही असं आपलं ठरलंय. दुधानं तोंड पोळलंय म्हणून मी ताक फुंकून पितेय, एवढंच.

माया आहेच, ती थंडीत आखडू देऊ नये.
तुझी एजे,
बुरुलचा


तलास,
२३ जानेवारी

ती. एजेस,
सोनुनचा शि. सा. न. वि. वि.

मी इथे मुलांना जीवशास्त्र शिकवते आणि माझी थोरली बहीण तिथे दारोदार चिंध्या मागत फिरते! शाळेत कळलं तर मला फळ्यापाशी उभं राहायची सोय उरणार नाही. एजे, बाळ कापडानं जगतं का गं?

बादल्यांची काळजी नको. परवा अंगणातला बर्फ काढायला खोऱ्याला हात लावला, तर सासूबाईंनी खोरंच लपवलं. आता त्यांनाही सापडत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की रक्तदाब चढतोय, शाळा बंद करा आणि डाव्या कुशीवर पडून राहा. मी पडून असते आणि बाळ किती वेळा हललं ते मोजते. दुपारपर्यंत दहा वेळा हललं नाही तर घास उतरत नाही. हे इथे कुणाला सांगितलेलं नाही, तुलाच लिहिते.

कुठला तुकडा कुठल्या घरचा त्याची यादी कर. मी थट्टा केली ती मनावर घेऊ नकोस. गोधडी लवकर पाठव.

घरच्या वडील मंडळींस नमस्कार. माझ्यावर रागव, पण पाखर काढू नकोस.
तुझी,
सोनुन


आत-बाशी,
७ फेब्रुवारी

चि. सौ. सोनुन हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

घाट दोन दिवसांसाठी उघडलाय म्हणून घाईत लिहिते. गोधडी बसच्या ड्रायव्हरच्या हाती दिली आहे. माणूस ओळखीचा आहे. सोबत सुकं दही आणि लोकरी मोजे आहेत. मोजे तुझे, बाळाचे नव्हेत, नाहीतर हौसेनं उचलून ठेवशील.

यादी अस्तराला टाचली आहे. वरच्या कोपऱ्यातला निळा रेशमी तुकडा सात मुलगे असलेल्या घरचा, म्हणून तो डोक्याकडे घे. नुरिपाचा लाल तुकडा मधोमध आहे. चाळीस पुरे झाले, तीनदा मोजले. चाक फिरवून खांदा भरून आलाय, पण शिवण बघशील तर आईची आठवण येईल.

गावात खोकल्याची साथ आहे. नुरिपाही अंथरुणात आहे, त्यामुळे अनारकान चार दिवस चहाला आली नाही. तू मात्र दार लावून घरात बस.

पोचल्याचं कळव, तोवर माझा जीव टांगलेला राहील.
तुझी एजे


आत-बाशी,
२० फेब्रुवारी

चि. सौ. सोनुन हिस,
आशीर्वाद. वि. वि.

गोधडी पोचली असेल तर वापरू नकोस. अंगाला लावू नकोस, उशाशीही घेऊ नकोस. माझ्याकडून अस्तर उलटं लागलंय. येईल त्या बसनं परत पाठव, नीट करून देते.

इथे सगळं ठीक आहे. तू बरी आहेस ना? बाळ हलतंय ना?

या पत्राला तरी लगेच उत्तर दे.
बुरुलचा


तलास,
२ मार्च

ती. एजेस,
सोनुनचा शि. सा. न. वि. वि.

तुला खोटं बोलता येत नाही, लिहितानाही नाही. अस्तर सुलटं आहे. मी पाहिलं, सासूबाईंनी पाहिलं, शेजारणीनं चष्मा लावून पाहिलं. तुझं पत्र आलं त्या दिवशी माझा रक्तदाब इतका चढला की डॉक्टरीणबाईंनी मला दवाखान्यात ठेवून घेतलं. कालच घरी आले.

काय झालंय ते सरळ लिही. न कळणं मला कळण्यापेक्षा जड जातंय. आणि तुझ्या पत्रात अनारकानचं नाव नाही. पंधरा वर्षांत तिच्या नावावाचून तुझं पत्र आलेलं नाही. गोधडी पेटीत ठेवली आहे आणि पेटीकडे पाठ करून निजते.

तुझ्या खऱ्या बोलण्यावर माझा हक्क आहे, तो ठेव.
सोनुन


आत-बाशी,
१० मार्च

चि. सौ. सोनुन हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र बसून वाच. सासूबाईंना जवळ बसव.

नुरिपा गेली. बारा फेब्रुवारीला. खोकला छातीत उतरला, डॉक्टर यायला दीड दिवस लागला. तोवर तुझी गोधडी घाट ओलांडून गेली होती.

गावात सगळे रिवाज जाणणाऱ्या तोक्तोबुबू आजींना मी विचारलं. त्या म्हणाल्या की गेलेल्या लेकराचं कापड येणाऱ्याला ओढून नेतं, आख्खी गोधडी आगीत घाला. सोनुन, मला नुरिपाचं दुःख आहे. माझ्या मांडीवर वाढलेली पोर ती. पण बातमी कळली तेव्हा आधी भीती वाटली ती तुझी. शेजारी रडणं चाललं होतं आणि मी मनात तुझे महिने मोजत होते. मला माझी लाज वाटते.

आणखी आहे. नवव्या दिवशी अनारकान आली आणि मशीनपाशी बसली. तिच्या सासूनं रिवाजाप्रमाणे तिसऱ्याच दिवशी सगळे कपडे वाटून टाकले, एका बाहीचा तो फ्रॉकसुद्धा. पोरीचा एक फोटो नाही. तिनं विचारलं की त्या लाल कापडाची एखादी चिंधी उरली आहे का. मी म्हटलं की सगळं गोधडीत गेलं. मग तिनं विचारलं की सोनुन तेवढा तुकडा परत देईल का. मला काय सुचलं देव जाणे, मी म्हटलं की घाटात बस उलटली आणि गोधडी दरीत गेली. तुकडा मागायचा तर पोर गेल्याचं तुला कळवावं लागणार, आणि ते तुझ्या पोटापर्यंत पोचू नये, एवढंच डोक्यात होतं. तिनं मशीनच्या चाकावर हात ठेवला. मग तिनं विचारलं की ड्रायव्हर सुखरूप आहे ना.

तेव्हापासून मी मशीनवर बसलेले नाही. तू गोधडी जाळ. धुरात उभी राहू नकोस.

जमलं तर माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.
तुझी एजे


तलास,
२१ मार्च, नौरोज

ती. एजेस,
सोनुनचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून खूप रडले. मग सासूबाईंनी चहा केला, तो प्यायले आणि पेटी उघडली.

गोधडी जाळली नाही. लाल तुकडा उसवला. आईचं मशीन काय चीज आहे ते आता कळलं! एकेका टाक्याखाली सुईचं टोक घालायचं, ब्लेडनं दोरा तोडायचा, आणि फ्लॅनेलला धक्का लागू द्यायचा नाही. डाव्या कुशीवर पडून चार दिवस लागले. सासूबाई आधी दारातून बडबडत होत्या की पोटुशीनं असल्या कापडाला शिवू नये. तिसऱ्या दिवशी चष्मा घेऊन शेजारी येऊन बसल्या आणि पलीकडची कड त्यांनी उसवली. तुकडा अखंड निघाला आहे. सोबत पाठवते. तो अनारकानच्या हातात दे आणि बस उलटली नव्हती हेही सांग. ती चिडली तर चिडू दे. तू तिथेच बसून राहा.

तू म्हणशील, आता एकोणचाळीसच उरले. तसं नाही. माझी पहिली मुलगी नऊ दिवस जगली. तिचं नाव अल्तिनाई. तुम्ही कुणी घेत नाही म्हणून मी लिहिते आहे. तिचा पहिला सदरा देऊन टाक असं तू सांगितलं होतंस आणि मी दिला म्हणाले होते. खोटं बोलणं आपल्या घरातच आहे म्हणायचं. सदरा माझ्यापाशीच होता, पुस्तकांच्या मागे. त्याच्या पाठीचा तुकडा मधल्या जागी लावला. माझ्याकडे मशीन नाही, हातानंच शिवला. टाके मोठे आणि वाकडे आलेत, तुला बघवणार नाहीत.

भीती वाटते, एजे. बाळ हललं तरी वाटते आणि थांबलं तरी वाटते. पण माझ्या लेकीची भीती मला वाटत नाही, आणि नुरिपाचीही नाही. चाळिसावं घर माझं.

डॉक्टरीणबाईंनी पुढच्या आठवड्याची तारीख दिली आहे. लोभ पूर्वीइतकाच आहे, तुझाही तेवढाच असू दे.
तुझी,
सोनुन

ता. क. लाल तुकडा मी धुतलेला नाही. अनारकानला तसं सांग.