अर्धंच सांगितलं होतं

प्रिय स्नेहल,

फोन करता आला असता, पण फोनवर तू नुसतं हो आत्या, हो आत्या करतेस आन् मला पुढचं सुचत नाही. म्हणून लिहितेय. न्हावऱ्यात सगळं ठीक. म्हैस व्याली, रेडी झाली. तुझ्या खोलीतला पंखा विनोदनं एकदाचा दुरुस्त केला.

काल अंगणवाडीत गरोदर बायांच्या यादीत तुझं नाव लिहिलं. तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, नजर लागते, असं मीच तुला बजावलं होतं. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या सुनांना लवकर नाव नोंदवा म्हणून घसा फोडला, आन् गेल्या खेपेला स्वतःच्या सुनेला, सख्ख्या भाचीला, पाचव्या महिन्यापर्यंत झाकून ठेवलं! मग रक्त तपासलं. तुझ्यात थॅलेसेमियाचा, त्या रक्ताच्या आजाराचा, अंश निघाला, तेव्हा नवऱ्याचंही तपासा म्हणाले होते. धडधाकट गड्याला सुया कशाला, असं मीच म्हटलं. पोर आठ महिन्यांची झाली आन् त्याच आजारानं गेली.

सोमवारी विनोदला शिरूरला नेलं. कागद हातात आल्याशिवाय तो ऐकणारा नाही, तुला ठाऊकच आहे. मीही रक्त दिलं. त्याच्यात आहे आन् माझ्यातही. तुम्हा दोघांच्याही रक्तात हे असलं, की चारातल्या एका बाळाला हा आजार होण्याची भीती असते. अकराव्या-बाराव्या आठवड्यात पोटातल्या बाळाचं तपासता येतं. तुला आता आठ झाले. विनोद शुक्रवारी दौंडला तुझ्या माहेरी येईल, त्याच्याबरोबर पुण्याला डॉक्टरांकडं जा आन् तारीख घे. पुढं काय करायचं ते तुम्ही दोघं ठरवा. मी मधे तोंड घालणार नाही.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. पोर गेली त्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हा आजार आई आन् बाप दोघांकडून मिळून येतो. तू पोरीपाशी होतीस, विनोद औषधं आणायला गेला होता. घरी येऊन मी अर्धंच सांगितलं, आईकडून येतो एवढंच. वर तुझ्या आईच्या माहेरचं रक्तच तसलं, असं दौंडहून भेटायला आलेल्या चार बायांत बोलले. तेव्हापासून तुझी आई, माझी वहिनी, आमच्या दारात आली नाही. परवा तुझ्या वडलांना, माझ्या दादालाही मी गुपचूप तपासायला लावलं, घरी मीच सांगते म्हटलं. त्याच्यातही तेच आहे. म्हंजी तुझ्यात आलं ते माझ्याच माहेरचं, वहिनीचा त्यात काडीचा दोष नाही. विनोदला सगळं सांगितलंय, दोन दिवस तो माझ्या हातचं जेवलेला नाही. मला लाज वाटते, स्नेहल. हे पत्र वहिनीला मोठ्यानं वाचून दाखव, आन् शेजारच्या बायांनाही बोलाव.

तुझीच,
मालन आत्या